जबाब नव्हे, मुलाखत

खुर्ची समोरासमोर ठेवायची नाही.
कोपऱ्याशी, जरा तिरकी,
म्हणजे माणसाला खिडकीकडे बघायची सोय राहते.
हे मी वाशीच्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये शिकलो
आणि वहीत उतरवलं, खाली दोन रेघा मारून.

प्रश्न पंधरा. काल रात्री परत लिहून काढले.
'का'ने सुरू होणारे सगळे खोडले,
कारण 'का' ऐकलं की माणूस आधी अंग चोरतो
मग तोंड उघडतो.
'का केलंत'च्या जागी 'मग काय झालं' लिहिलं.
'कोणी'च्या जागी काय लिहावं सुचलं नाही.
तिथे बोटभर जागा सोडली.

टेबलावर पाणी.
बिस्किटं नकोत, लाच दिल्यासारखं वाटतं.
एसी बंद, नाहीतर रेकॉर्डरमध्ये तोच बोलत राहतो.
दाराला चिठ्ठी: आत येऊ नये.
प्लॉटमागच्या नाल्याचा वास
रबाळ्यात चिठ्ठ्या वाचत नाही.

हसुराम मढवी अकराच्या ठोक्याला आला.
शर्टाला कडक इस्त्री, खिशाला पेन,
रिअ‍ॅक्टर तीनवर तेवीस वर्षं.
बसण्याआधी त्याने खुर्ची सरळ केली.
मी ती पुन्हा तिरकी केली.

पहिला प्रश्न सोपा. खाडीत पाय बुडवून बघतात तसा.
'त्या दिवशी सकाळपासून सांगा.'
'साडेपाचला उठलो. डब्यात तांदळाची भाकरी, सुकट.'
आणि थांबला.
माणूस थांबला की आपण भरायचं नसतं. मनात दहा मोजायचे.
मी सातवर होतो तेव्हा तो म्हणाला,
'सुभाननी अर्धी मागली व्हती.'

सुभान तांबोळी, हेल्पर, वय बावीस.
ऐरोलीला जळितांच्या वॉर्डात, आज नववा दिवस.

मग तो हातांनी सांगू लागला:
व्हॉल्व्ह इथे, सुभान तिथे, आणि वाफ अशी.
रेकॉर्डरला हात दिसत नाहीत,
म्हणून मी मोठ्याने म्हणत गेलो,
'तुम्ही उजवा हात डोक्यावर नेलात.'
'आता दोन्ही हात तोंडावर धरलेत.'
'धरलेतच.'
'अजून.'

प्रश्न नववा. 'लाइन रिकामी आहे हे कसं समजलं?'
'परमिटवर सही व्हती.'
'सही कोणी केली?'
हा यादीत नव्हता. निसटला.

हसुराम खिडकीकडे बघू लागला.
सोय मीच केलेली.
पारसिकच्या डोंगराला खाण लागून
जिथे कापून काढलंय तिथे बघत राहिला.
मी दहा मोजले. वीस. चौतीस.
'त्यो डबा बंद करा, साहेब.'
'तशी पद्धत नाही.'
'मंग ऱ्हाव दे.'

मी बंद केला.

तो खुर्ची थोडी माझ्याकडे ओढून बोलला,
घरातल्या आजाऱ्याशी बोलावं तसा.
'शुक्रवारी पाच कोऱ्या परमिटांवर सह्या करून गेलात.
पोरीचा गॅदरिंग व्हता ना तुमच्या.'

होतं. ती झाड झाली होती.
तिला एकही वाक्य नव्हतं,
चाळीस मिनिटं ती फांद्या वर धरून उभी होती
आणि मी पहिल्या रांगेत, वेळेवर.
त्या पाच सह्या मला आठवत नाहीत.
पेन आठवतं, संपत आलेलं, झटकून झटकून चालवलेलं.

ट्रेनिंगमध्ये हे सांगितलं नव्हतं,
की अशा वेळी कोणी कोणाला पाणी द्यायचं.
ग्लास त्याने सरकवला.

मी रेकॉर्डर सुरू केला. वेळ सांगितली, अकरा बेचाळीस.
नाव सांगितलं, त्याचं, मग माझं.
आणि बोटभर जागेवर बोट ठेवून
शक्य तितक्या सपाट आवाजात विचारलं,
'परमिटवर सही कोणाची होती?'

त्याने माझ्याकडे बघितलं. मोजलं असावं त्यानेही, सातपर्यंत.

एसी बंद होता,
म्हणून उत्तर अगदी स्वच्छ आलंय:
'मला नाय ठाव.'